सोपं आहे नी!

‘अंकलजी, आपको कम्प्यूटर आता नहीं है क्या?’

फ्लेक्सच्या दुकानात, गणपती अगदी तोंडावर आलेले, मागे पाच-सहा गिऱ्हाइकं ताटकळलेली, आणि सगळ्यांच्या देखत मला हे ऐकवलं गेलं. ऐकवणारा मुलगा पंचविशीचा. एका कानात इअरफोन, दुसरा कान गिऱ्हाइकांसाठी राखीव. तो चिडून बोलला असता तर मीही चिडलो असतो आणि मामला तिथेच निपटला असता. पण तो मायेने बोलला. वर माझ्यासाठी स्टूल पुढे सरकवलं. ते स्टूल मला अजून टोचतंय.

झालं होतं एवढंच. आमच्या रामबागेतल्या मंडळाचा फ्लेक्स आणि मुलांच्या पाठांतर स्पर्धेची प्रमाणपत्रं करून घ्यायची होती. डिझाइन दरवर्षी मीच घरी करतो. इंकस्केप नावाच्या डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये करतो, कारण ते २००३ पासून आहे, फुकट आहे आणि कुणाचीही चोरी न करता माझ्या लॅपटॉपवर चालतं. दुकानात त्याच कामाचं कोरलड्रॉ, म्हणजे सगळ्यांच्या तोंडी नुसतं कोरल, असतं हे मला ठाऊक आहे. कोरल १९८९ सालचं, कॅनडातल्या ओटावा शहरातलं. पण आमच्या इंदुरात सगळ्यांची पक्की समजूत आहे की ते खजुरी बाजारातच जन्मलं. लग्नपत्रिका, नेत्यांचे वाढदिवस, कोचिंगची पोस्टरं, तेराव्याची पत्रं, माणसाचं सगळं आयुष्य इथे कोरलमधून जातं. दुकानात पाय ठेवला की ‘डिझाइन है?’ असं कोणी विचारत नाही, ‘कोरल फाइल है?’ असं विचारतात. म्हणून मी शहाण्यासारखा सगळ्या मजकुराचे कर्व्ह करून फाइल नेली होती. ती उघडलीही. तेवढ्यात मंडळाच्या अध्यक्षांचा फोन आला: आरतीची वेळ बदलली, आणि प्रसादाची एक ओळ वाढवा.

कर्व्ह केलेला मजकूर म्हणजे नुसतं चित्र, त्यात अक्षर बदलता येत नाही. मी लॅपटॉप उघडला, म्हटलं दोन मिनिटांत बदलून देतो. मुलगा म्हणाला, ‘आप रहने दो, मैं कर देता हूँ,’ आणि लॅपटॉप स्वतःकडे वळवून घेतला. नव्या ओळीला जागा हवी म्हणून त्याने गणपतीचा कोपरा माउसने पकडला आणि सवयीने आत ओढला.

गणपती चपटा झाला. नुसता चपटा नाही, आडवा पसरला. सोंड पोटापेक्षा रुंद, मुकुटाची चपाती, आणि उंदीर होता तिथे काहीतरी मुंगसासारखं.

इथे काकांचा प्रवेश होतो. खरं म्हणजे काका आधीपासूनच तिथे होते. दुकानातली एकमेव प्लास्टिकची खुर्ची त्यांच्याकडे होती. ‘गेट के सामने गाड़ी खड़ी न करें’ एवढ्या एका वाक्याचा फ्लेक्स करून घ्यायला ते आले होते आणि त्यात ‘कृपया’ घालावं की नाही यावर त्यांचा सकाळपासून विचार चालू होता. ‘कृपया लिहिलं तर कोणी ऐकत नाही, नाही लिहिलं तर लोकं भांडतात,’ असं ते मला आल्या आल्या सांगून चुकले होते. कोण कुठला मी, पण माझं मत मागितलं होतं. मी ‘घाला’ म्हटलं, तेव्हा ‘तुम्हाला काय जातं, गेट तर माझं आहे’ म्हणाले. सफारी सूट, खिशात दोन पेनं, आणि तोंडात आमच्या इंदुरी मराठीचा तो खास सूर, ज्यात प्रत्येक वाक्याच्या शेवटी एक ‘नी’ तुमची संमती गृहीत धरून उभा असतो.

काकांनी आधी दोन्ही हात जोडले. मग माझ्याकडे वळले.

‘अहो, देवाचं काम आहे. असं चपटं-बिपटं नका करू.’

‘काका, मी नाही केलं.’

‘मग कोणी केलं? लॅपटॉप तर तुमचा आहे नी?’

‘लॅपटॉप माझा आहे, पण ओढलं यांनी.’

‘तो तर रोज ओढतो. त्याच्याकडे तर कधी असं नाही झालं.’ काकांनी भिंतीवरच्या नमुन्यांकडे बोट दाखवलं. तिथे चार आमदार, दोन नवरदेव आणि एक साईबाबा खरोखरच प्रमाणात होते.

मी मुलाला म्हटलं, ‘बेटा, कंट्रोल दबाके खींचो.’

‘क्यों?’

हा ‘क्यों’ इतका निर्मळ होता की मला पटकन उत्तरच सुचेना. ‘कंट्रोल दाबलं नाही तर प्रमाण राहत नाही,’ मी म्हटलं.

‘कोरल में तो रहता है. कोना पकड़ो, खींचो, बस.’

‘हे कोरल नाही.’

‘वही तो बोल रहा हूँ,’ तो म्हणाला. मागच्या गिऱ्हाइकांत कोणीतरी हसलं. आणि मग मायेने ते वाक्य आलं, ते स्टूल आलं, आणि काकांनी हळू आवाजात, म्हणजे सगळ्यांना ऐकू जाईल असं, शेजाऱ्याला सांगितलं, ‘रिटायर लोकांनी टाइमपाससाठी शिकलेलं असतं. चालायचंच.’

मी रिटायर झालेलो नाही.

बरं, मुलाचं म्हणणं तरी सार्वत्रिक सत्य होतं का? फोटोशॉप घ्या. १९९० साली आलं, आणि तेव्हापासून २०१८ पर्यंत त्यात चित्र प्रमाणात लहान-मोठं करायचं तर शिफ्ट दाबून धरावं लागायचं. सबंध एक पिढी डाव्या करंगळीने शिफ्ट धरून म्हातारी झाली. मग २०१८ च्या ऑक्टोबरात आलेल्या आवृत्तीत उलटं केलं: काही न दाबता ओढलं तर प्रमाण राहणार, शिफ्ट दाबलं तर बिघडणार. म्हणजे ज्यांना काहीच येत नव्हतं त्यांचं बरोबर यायला लागलं आणि ज्यांना येत होतं त्यांचं चुकायला. एका कंट्रोल-डीचं बघा. कोरलमध्ये दाबलं की एकाचे दोन होतात, फोटोशॉपमध्ये दाबलं की निवडलेलं सुटून जातं. बोटं तीच, आणि कळफलकही तोच.

मी हे मुलाला सांगितलं, निदान शिफ्टचं तरी. आणि काय आश्चर्य, त्याचा चेहराच बदलला. दुसऱ्या कानातला इअरफोनही निघाला.

‘अरे, वो मत पूछो अंकलजी! अपडेट के बाद एक शादी का पूरा एल्बम बिगड़ा था मेरा. दूल्हा इतना मोटा आ गया कि लड़की वाले पूछने लगे, ये वही है क्या.’

मला वाटलं, जिंकलो. आता याला कळलं. म्हटलं, ‘बघ, म्हणजे दोष तुझा नव्हता, नुसती सवय...’

‘इसीलिए तो मैं सब कोरल में करता हूँ,’ तो म्हणाला, आणि इअरफोन परत कानात गेला.

काकांना मात्र विषय आवडला होता. चहावाला येऊन गेला होता, त्यांनी मलाही एक कट पाजला, आणि खुर्ची स्टुलाजवळ ओढून समजावायला बसले. ‘भाऊ, बुरा नका मानू. चीज अशी पाहिजे की हातात घेतली की चालली. आता स्कूटर बघा. मला कोणी शिकवली काय? बसलो, चालवली.’

‘कुठली स्कूटर, काका?’

‘चेतक. वीस साल चालवली. एकदम सोपी. आता मुलाने ती विकून बिनगिअरची घेऊन दिली. तिच्यावर तर पहिल्याच दिवशी मालगंज चौराह्यावर मरता मरता वाचलो.’

‘का?’

‘अहो, गिअर बदलायला क्लच दाबला नी मी!’

ज्यांनी जुन्या स्कूटर चालवल्या नाहीत त्यांच्यासाठी सांगतो: चेतकला डाव्या हाताला क्लच असायचा आणि तीच मूठ फिरवून गिअर पडायचे. बिनगिअरच्या गाडीत क्लचच नाही, डाव्या हाताला मागच्या चाकाचा ब्रेक असतो. तेव्हा वीस वर्षांच्या भरवशाने काकांनी भर चौराह्यावर जो क्लच पुरता आवळला, तो ब्रेक निघाला. गाडी जागच्या जागी उभी, काका हँडलवर, आणि मागचा रिक्षावाला जे बोलला ते काकांनी मला शब्द न् शब्द म्हणून दाखवलं. इथे लिहिता येणार नाही.

‘मग गाडी वाईट म्हणायची का?’ मी विचारलं.

‘बेकारच होती. एकदम बेकार. मग आठ-पंधरा दिवसांत ठीक झाली.’

गाडी ठीक झाली! काका नव्हे, गाडी. मी त्यांच्याकडे बघत राहिलो. चेहऱ्यावर विनोदाचा मागमूस नव्हता. त्यांनी कपातला शेवटचा घोट घेतला आणि म्हणाले, ‘तेच तर सांगून राहिलो. सोपी चीज ती सोपीच असते नी.’

ॲपलमध्ये मॅकिंटॉशचा प्रकल्प ज्यांनी सुरू केला, त्या जेफ रास्किन यांनी १९९४ साली एका लहानशा लेखात हेच मांडलं होतं. लोक एखाद्या यंत्राला ‘बघताक्षणी कळतं’ अशी शाबासकी देतात, तेव्हा ते बहुधा त्यांनी आधी वापरलेल्या दुसऱ्या कशासारखं तरी असतं. त्यांची पुढची तक्रार जास्त झोंबणारी आहे: खरोखर चांगली नवी रचना करायची तर ती जुन्याहून वेगळी असणार, आणि वेगळी असली की लोक तिला अवघड म्हणून नाकारणार. रास्किन यांना हे कळायला मॅकिंटॉश करावा लागला. मालगंजात काका भेटले असते तरी काम झालं असतं.

याचा अर्थ सगळं सारखंच, ज्याला जे येतं ते सोपं, असाही मी मानत नाही. कोपरा ओढल्यावर चित्राचं प्रमाण राहावं, हेच बरोबर आहे. दहातल्या नऊ वेळा माणसाला तेच हवं असतं, आणि दहाव्या वेळेसाठी उरलेल्या नऊ वेळा कंट्रोल दाबायला लावणं हा इंकस्केपचा उफराटेपणा आहे. हे मी दुकानात बोललो नाही. बोलणारही नव्हतो.

थ्रीडीवाल्यांच्या ब्लेंडर नावाच्या सॉफ्टवेअरमध्ये तर वर्षानुवर्षं वस्तू निवडायला माउसचं उजवं बटण दाबावं लागायचं. सगळं जग डावं दाबतं, हे उजवं. २०१९ साली २.८० आवृत्तीत ते डावं केलं, आणि ज्यांचा हात उजव्यावर बसला होता त्यांच्यासाठी सेटिंगमध्ये जुनी सोय शाबूत ठेवली. याला म्हणतात माणुसकी. नाहीतर आमचा बँकेचा ॲप. मी शिल्लक बघायला शिकलो की त्यांचं शिल्लक बघायचं बटण हलतं. फोटोशॉप २०१३ पासून नव्या आवृत्त्या विकत नाही, महिन्याच्या भाड्याने देतं. म्हणजे शिफ्टचा अर्थ ज्या महिन्यात फिरला त्या महिन्याचेही पैसे त्या दूल्हेवाल्या मुलासारख्यांनी भरलेच असणार. याच्याविरुद्ध कुठे अर्ज करायचा?

असो. तर इकडे मुलाने माझा लॅपटॉप बाजूला ठेवला, ‘सिस्टम ही टेढ़ा है’ असा निकाल दिला आणि माझा सगळा मजकूर उडवून तो कोरलमध्ये नव्याने टाइप करायला घेतला. मी दोन संध्याकाळी खपून निवडलेलं अक्षरवळण गेलं. त्याच्या जागी कृतिदेव आलं.

टाइप करताना त्याला बघणं हा मात्र खरोखर देखणा प्रकार होता. तुमचा दुकानावर कितीही राग असो. कृतिदेवमध्ये अक्षरं डोळ्याला दिसतात त्या क्रमाने टाइप करायची असतात. ‘कि’ लिहायचं तर आधी वेलांटी, म्हणजे एफ. मग क, म्हणजे डी. ही जुन्या रेमिंग्टन टाइपरायटरची रीत. युनिकोडमध्ये, आणि १९८६ पासूनच्या सरकारी इनस्क्रिप्ट कळफलकाच्या रीतीतही, आधी क आणि मग वेलांटी, जसं आपण बोलतो तसं. मी दुसऱ्या पंथाचा. त्याला मी टाइप करून दाखवलं तेव्हा तो म्हणाला, ‘उल्टा नहीं लगता?’ मला त्याचं उलटं वाटत होतं. दोघेही डोळे मिटून टाइप करू शकतो आणि दोघांनाही दुसऱ्याचे डोळे मिटलेलेच वाटतात.

मग प्रमाणपत्रं. मुलांची नावं मी एक्सेलमध्ये करून नेली होती, मुद्दाम, कारण कोरलमध्ये प्रिंट मर्ज नावाची सोय आहे. एक नमुना करायचा, नावांची यादी जोडायची, प्रत्येक नावाचं प्रमाणपत्र आपोआप निघतं. फाइल मेनूमध्येच आहे, तळघरात लपवलेली नाही. मुलाने यादी उघडली, पहिलं नाव वाचलं, टाइप केलं. पान डुप्लिकेट केलं. नावावर डबल क्लिक, दुसरं नाव टाइप केलं. पान डुप्लिकेट केलं. इतक्या वेगात की काका ‘वा!’ म्हणाले.

मी म्हटलं, ‘प्रिंट मर्ज से एक साथ हो जाएगा.’

‘मालूम है. उसमें झंझट है.’

‘काय झंझट आहे?’

‘पता नहीं. सब बोलते हैं.’

‘करू द्या नी त्याला,’ काका मला म्हणाले, ‘बघा कसा फटाफट करून राहिला. यालाच म्हणतात येणं.’

खरंच फटाफट करत होता. एका मुलीचं नाव दोनदा आलं, एका मुलाचं आलंच नाही, ते मी पाठीमागून उभं राहून पकडलं. तेव्हा पुन्हा पान डुप्लिकेट, पुन्हा डबल क्लिक. हे सगळं मला त्याच्या वेगामुळे अवघड झालं. मुलगा अडखळत असता तर मी चार गोष्टी सुनावू शकलो असतो. पण त्याच्या बोटांत अशी काही सफाई होती की रांगेतला प्रत्येक माणूस मनोमन म्हणत होता, किती सोपं सॉफ्टवेअर आहे! सोपं कुठलं? तो रोज बारा तास त्या पडद्यासमोर बसतो, आणि जे काम यंत्राने करावं ते स्वतःच्या बोटांनी करतो, आणि त्या बोटांचं श्रेय मिळतं कोरलला. मला त्याच्या वतीने राग आला. त्याला मात्र आला नाही. त्याने ‘अंकलजी, थोड़ा पीछे खड़े रहो, लाइट आती नहीं है’ एवढंच म्हटलं.

फ्लेक्सचा प्रूफ दाखवला तेव्हा त्यात ‘गणेशोत्सव मंडल’ होतं.

‘ळ पाहिजे,’ मी म्हटलं.

‘कौन-सा?’

‘मराठीवाला.’

त्याने कळफलकाकडे पाहिलं. दुकानात शिरल्यापासून पहिल्यांदाच. आतापर्यंत ती बोटं न बघता धावत होती, आणि एका अक्षरापाशी येऊन थबकली. मग त्याने अक्षरांचा तक्ता उघडला आणि एकेक चौकट बघत खाली सरकू लागला. मागून कोणीतरी ‘भिया, जल्दी करो’ म्हणालं. मला क्षणभर त्या मुलाबद्दल इतकं बरं वाटलं की मी स्टूल त्याच्याकडे सरकवणार होतो.

‘ल चालतं नी,’ काका म्हणाले. ‘इंदुरात कोणाला कळतंय.’

‘काका, तुम्ही मराठी आहात.’

‘म्हणून तर सांगतो.’

ळ सापडला. शेवटच्याच्या आधीच्या ओळीत होता. मुलाने तो ठेवला, जरा मोठा दिसत होता, कोपरा पकडून लहान केला. प्रमाणात राहिला.

बिलात फ्लेक्सचे पैसे, प्रमाणपत्रांचे पैसे आणि त्याखाली ‘सेटिंग चार्ज १५०’ अशी एक ओळ. मी विचारलं, सेटिंग कशाचं? म्हणाला, आपका डिज़ाइन दुबारा बनाया न. माझंच डिझाइन मोडून परत बनवल्याचे दीडशे रुपये मी क्यूआर कोडवर मोबाइल धरून भरले, आणि पावतीवर ळ नीट आला आहे का हे तपासायचंही राहून गेलं, कारण पावतीवर मराठी नव्हतंच.

निघताना काकांनी बाहेर गाठलं. त्यांचा फ्लेक्स गुंडाळून काखेत होता. ‘कृपया’ शेवटी घातलं, पण लहान अक्षरांत. इकडेतिकडे बघून, दुकानातल्या मुलाला ऐकू जाऊ नये अशा बेताने, म्हणाले, ‘ते तुमचं जे आहे, ते फुकट मिळतं म्हणाला होतात नी?’

‘हो.’

‘माझ्या नातवाला शिकायचं आहे डिझाइन. त्याच्या कम्प्युटरमध्ये टाकून द्याल काय? लोकमान्य नगरात राहतो.’

‘देईन की.’

‘मेहरबानी होईल,’ काका म्हणाले. ‘फक्त ते कंट्रोल दाबायचं तेवढं काढून द्या.’